जावळ

“लेकरू कोनावर गेलं वो माय?”

सौंसरच्या मोटारस्टँडवर संत्र्यांची टोपली मांडून बसलेल्या म्हातारीनं हे विचारलं तेव्हा मोरेश्वर संत्री पिशवीत भरत होता. त्याचा हात थांबला. प्रश्न काही वेगळा नव्हता. लहान मूल दिसलं की बायका विचारतातच, त्यात कुणाला खरोखर काही जाणून घ्यायचं नसतं. पण मूल जन्मल्यापासून हा प्रश्न कधीतरी, कुठून तरी येणार या धास्तीनं तो लोकांमध्ये मुलाजवळ उभं राहणं टाळत आला होता, आणि आज नेमका सुनंदाच्या शेजारी उभा होता. “आता कुठं समजते आजी, लहान आहे अजून,” सुनंदा म्हणाली. तिचा आवाज रोजच्यासारखा होता आणि त्या रोजच्यासारखेपणाचाच त्याला राग आला. म्हातारीनं मुलाची हनुवटी धरली, मग डोळे बारीक करून मोरेश्वरकडे पाहिलं. आपलं नाक, कपाळ, कानांच्या पाळ्या एकेक करून उचलून पाहिल्या जात आहेत असं त्याला वाटलं. “डोये तर मायचेच हायेत,” म्हातारी म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. तिच्या लेखी बोलणं संपलं होतं. मोरेश्वर पिशवी घेऊन स्टँडच्या टोकाशी गेला आणि लोधीखेड्याहून येणाऱ्या छोट्या गाडीची माणसं स्टेशनकडून येत आहेत का ते पाहू लागला. त्या गाडीनं सुनंदाचा भाऊ रवींद्र यायचा होता. जावळाला मामाची मांडी लागते. माणसं येऊन गेली, त्यांत रवींद्र नव्हता. आणि पांढुर्ण्याकडे जाणारी मोटार तर निघायला घुरघुरत होती.

“थांबायचं का?” सुनंदानं विचारलं.

“कायले? येईन तो मागून,” तो म्हणाला. आज थांबला असता तर तो पुन्हा कधीच निघाला नसता, हे त्याला ठाऊक होतं.

जामसावळीला जायचं वडिलांनी ठरवलं होतं. रघुनाथराव गेले कित्येक दिवस म्हणत होते, पोराचं जावळ राहिलं, वर्षाच्या आत झालं पाहिजे, मारुतीपाशी नेऊन काढून आणा. पण कोणता शनिवार ते मोरेश्वरनं ठरवलं होतं, आणि त्यामागचं कारण वडिलांना माहीत नव्हतं. पंधरवड्यामागं एका सकाळी सुनंदा चुलीपुढं भाकरी थापत होती. त्यांची थोरली मुलगी अलका अंगणात पाटीवर अक्षरं गिरवत होती. तो दारात उभा राहून म्हणाला होता, “तू दर शनिवारी त्या देवाकडे जाते. त्याच्यापुढं तू खोटं बोलशीन का?” भाकरी तव्यावर टाकून, तिच्यावर पाण्याचा हात फिरवून मगच ती म्हणाली, “नाई बोलणार.” “मंग जावळाच्या दिवशी पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगजो. कोणाचा आहे तो.” तिनं वळून पाहिलं नाही. भाकरी उलटली. “सांगीन,” ती म्हणाली. हे एवढं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. स्वतः तो देव मानणाऱ्यांपैकी नव्हता. वर्गात मुलांना तो वीज कशी पडते, ग्रहण कसं लागतं ते सांगायचा आणि देवाधर्माचं घरी ठेवा म्हणायचा. त्याचा विश्वास होता तो तिच्या विश्वासावर. एवढ्या एकाच जागी ती आपल्याला फसवणार नाही, असं त्याला वाटत होतं. तिच्यावरचा सगळा भरवसा जाऊन एवढाच तुकडा उरला होता, आणि तोसुद्धा तिच्या देवाच्या आधारानं.

मोटारीत बायकांच्या बाकावर ती पुढं बसली, तो मागं. तिच्या खांद्यावरून मुलाचं डोकं दिसत होतं. जावळ दाट होतं, उन्हात तांबूस दिसणारं. प्रभाकरचे केस असेच तांबूस होते का? त्याला आठवेना. आठवायचे ते प्रभाकरचे पाय, ओसरीवर धूळ झटकणारे, मोजणीच्या साखळीसोबत रानोरान फिरून फाटलेले बूट, आणि घरात शिरताना त्यानं मोकळ्या गळ्यानं घातलेली हाक, “मास्तर आहेत का?” मास्तर बहुतेकदा नसायचे. ते दिवसच तसे होते. प्रांत मोडून नवे प्रांत होणार होते आणि सौंसर-पांढुर्ण्याची मराठी माणसं कुठं जाणार यावर चावडीवर, शाळेत, जिनिंगच्या आवारात वाद चालायचे. मोरेश्वर शाळा सुटली की सायकल काढायचा. रामाकोना, लोधीखेडा, आडवळणाची खेडी. कापसाच्या गंजीवर उभं राहून तो लोकांना सांगायचा की आपली सोयरीक नागपूरकडे, आपली बोली तिकडची, आपल्याला तोडू देऊ नका. लोक टाळ्या वाजवायचे. त्याला घरी यायला उशीर व्हायचा आणि तो आला की सभेचंच सांगायचा. सुनंदा ताट वाढायची, ऐकायची. ती काही विचारते का, तिला काही सांगायचं आहे का, हे त्याच्या ध्यानातच यायचं नाही. ओसरीलगतची खोली मोजणी खात्यातल्या प्रभाकरला भाड्यानं द्यायचं त्यानंच ठरवलं होतं. शिकलेला माणूस आहे, म्हाताऱ्या वडिलांना सोबत होईल, असं तोच म्हणाला होता.

दसरा होऊन गेला होता. शाळा तपासायला आलेले साहेब लवकर गेले म्हणून सुट्टीही लवकर झाली, आणि त्या दुपारी सभा नव्हती म्हणून तो सरळ घरी आला. प्रभाकरच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. सुनंदा त्याच्या खाटेच्या कडेला बसून केस विंचरत होती. केस ओले होते, शिकेकाईचा वास दारापर्यंत येत होता. प्रभाकर खिडकीशी पाठमोरा उभा राहून बंडीची बटणं लावत होता. पुढं कितीतरी महिने मोरेश्वरला छळलं ते त्या बटणांनी नाही. छळलं ते हे, की त्याला दारात पाहूनही तिची फणी लगेच थांबली नाही. एकदा, दोनदा ती केसांतून खाली आली आणि मग थांबली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या माणसापुढं विंचरावं तशी. तो मागच्या विहिरीवर गेला आणि पाणी शेंदू लागला. हंडे भरले, टाकी भरली, तरी तो शेंदतच राहिला आणि बादल्या आळ्यात ओतत राहिला. हात सोलवटले तेव्हा थांबला.

नागपूर मुंबई राज्यात जाणार होतं. प्रभाकरनं नोकरीसाठी तेच राज्य निवडलं आणि नवं राज्य होण्याच्या आधीच तो नागपूरला निघून गेला. सौंसर इकडेच, मध्य प्रदेशात राहिलं. लोकांना वाटलं, मास्तर त्यामुळे मुके झाले. येणारा-जाणारा समजूत घालायचा की हद्द कागदावरची आहे, माणसं कुठं जातात, आणि तो मान हलवायचा. घरात ती त्याला उत्तरं द्यायची, विचारील तेवढीच. “त्यानं तुले बोलावलं होतं?” “हो.” “जायचा विचार होता?” “केला होता.” “मंग काहून नाई गेली?” “तुमाले विहिरीवर पायलं,” ती म्हणाली, “आन् अलकाले काय सांगू हे समजलं नाई.” “आणि हे झालं काहून?” “तो मले विचारे, आज काय केलं म्हणून. एवढंच. याच्याहून मोठं कारण माह्यापाशी नाई.” कुठं रडली असती, पायांवर पडली असती, तर त्याला काय करायचं ते कळलं असतं. ती सकाळी उठून सडा घालत होती, वडिलांना औषध देत होती, आणि शनिवारी उपाशीपोटी जामसावळीची वाट चालून जात होती. दिवाळी गेल्यावर तिनं दिवस गेल्याचंही असंच सांगितलं, भाजीला मीठ नाही म्हणावं तसं. त्यानं मनात महिने मोजले. त्या दिवसांत ती त्याच्याही अंथरुणात होती. महिने मोजून काही हाती लागत नव्हतं.

मूल झालं तेव्हा वडिलांनी पेढे वाटले, नाव ठेवलं दिलीप. मोरेश्वर त्याला ‘तो’ म्हणायचा. पाळण्यापाशी कुणी नसलं म्हणजे मात्र तो हळूच जाऊन पाहायचा. बोटं पाहायचा, नखं पाहायचा, झोपेत दुमडलेला ओठ पाहायचा. एखादे दिवशी मूल अगदी आपलं वाटायचं आणि तो हलक्या पावलांनी बाहेर यायचा. दुसऱ्या दिवशी तेच मूल कोरं, परकं, कुणीतरी मुद्दाम आपल्या घरात आणून ठेवल्यासारखं दिसायचं. रांगायला लागल्यावर ते त्याच्या पायाशी यायचं, धोतर धरायचं. तो अलकाला हाक मारायचा, “याले घे.” स्वतः त्यानं त्याला कधी उचललं नव्हतं.

फाट्यावर उतरून ते चालू लागले. दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा होत्या, तोडणी चालू होती, पाटीत फळं पडल्याचे मऊ आवाज येत होते. सुनंदा पुढं, तो थोडा मागं. तिची पाठ ताठ होती. ती घाबरली आहे का हे पाठीवरून कळत नव्हतं. देवळापाशी शनिवारची गर्दी होती. पिंपळाखाली मारुती आडवा पहुडलेला, शेंदरानं माखलेला, आणि त्याच्या बेंबीतून पाझरतं म्हणतात ते पाणी पुजारी पळीनं माणसांच्या तळव्यांवर घालत होता. एका बाजूला अंगात आलेली एक तरुण बाई केस सोडून घुमत होती, तिचा म्हातारा बाप तिच्या लुगड्याचा पदर धरून नुसता बसला होता. त्या घुमण्याचा आवाज मोरेश्वरच्या कानांत भरला. आपण इथं काय करायला आलो, एका मास्तरानं बायकोला देवापुढं उभं करावं आणि आरोपीसारखं बोलतं करावं, असा विचार त्याच्या मनात आला. पण त्यानं तो बाजूला सारला. त्याला उत्तर हवं होतं. उत्तर मिळालं की एकतर तो या मुलाला उचलून घेईल, नाहीतर सुनंदाला माहेरी, लोधीखेड्याला पोचवून येईल. दोन्ही गोष्टी त्यानं मनात इतक्या वेळा केल्या होत्या की त्या पाठ झाल्या होत्या.

गुणवंता न्हावी वडाच्या सावलीत पोतं अंथरून बसला होता. “मामा कुठी आहे?” त्यानं वस्तरा घासत विचारलं.

“नाई आला,” सुनंदा म्हणाली.

“मंग बापानं बसा. मांडीवर घ्या, असं समोर तोंड करून. डोकं दोन्ही हातांनं धरा मास्तर, पोरगं हाललं तर वस्तरा माहं ऐकत नाई.”

नाही म्हणायला जागा नव्हती. मोरेश्वर पोत्यावर बसला आणि सुनंदानं मूल त्याच्या मांडीवर ठेवलं. इतकं ऊबदार आणि इतकं जड असेल असं त्याला वाटलं नव्हतं. पाणी डोक्यावर पडताच मुलानं किंकाळी फोडली आणि सगळं अंग कमानीसारखं ताणलं. वस्तरा टाळूशी आला होता. टाळू धपधप उडत होती, तिच्याखाली हाड अजून जुळलं नव्हतं. मोरेश्वरनं दोन्ही तळव्यांत ते डोकं घट्ट धरलं, मुलाची पाठ आपल्या पोटाशी दाबली. एक क्षण, अगदी एक क्षण, त्याच्या मनात आलं की हात जरा सैल पडले तर. त्या विचारानं तोच हादरला. तो मुलाच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटू लागला, काय ते त्याला स्वतःला कळत नव्हतं, बैलाला चुचकारतात तसे आवाज. मूल हुंदके देत हळूहळू सैल झालं. केस त्याच्या बाह्यांवर, गळ्यावर पडत राहिले. गुणवंतानं वस्तरा पुसला. कुठंही ओरखडा नव्हता.

नदीवर हातपाय धुऊन सुनंदा आली. तिनं मुलाला घेतलं, त्या उघड्या, पांढऱ्या डोक्यावर देवापुढचं तीर्थ लावलं आणि गर्दीतून थोडी बाजूला, पिंपळाच्या मुळांपाशी येऊन उभी राहिली. तिचा हात मुलाच्या डोक्यावर होता. “विचारा,” ती म्हणाली.

“तुले माहीत आहे काय विचारायचं ते.”

“तुमच्या तोंडानं विचारा.”

“हा कोणाचा आहे?”

ती देवाकडे नाही, त्याच्याकडे पाहत होती. “मले माहीत नाई,” ती म्हणाली. “तुमचा म्हणाव असं फार दिवस मनात होतं. रस्त्यानं येताना बी तेच म्हणत आली. पण मले माहीत नाई. इथं उभं राहून मी दुसरं नाई सांगू शकत.”

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग वळला आणि चालू लागला. मागून तिनं हाक मारली नाही. फाट्यावर पांढुर्ण्याची मोटार उभी होती, तो तीत चढला. पांढुर्ण्याला उतरून तो रेल्वेच्या स्टेशनात गेला आणि फलाटावरच्या बाकावर बसला. एक मेल न थांबता धडधडत निघून गेली, तिच्या वाऱ्यानं धूळ उडाली. नागपूरची गाडी यायची होती. तिकडं जाऊन तो काय करणार होता? प्रभाकरला शोधून त्याचे केस पाहणार होता? दोन उत्तरांची त्यानं तयारी केली होती. त्या दोन्हींत त्याला फक्त ऐकायचं होतं, पुढचं आपोआप होणार होतं. या तिसऱ्या उत्तरात काहीच आपोआप होत नव्हतं. त्यानं तिच्यावर चिडून पाहिलं. तिनं आपल्याला मध्येच लटकवलं, एक शब्द बोलली असती तर सगळं मिटलं असतं. आणि मग तोच शब्द त्याच्यापुढं येऊन उभा राहिला. ‘तुमचा.’ किती सोपं होतं ते. त्यानं विश्वास ठेवला असता, विश्वास ठेवायचाच म्हणून तर तो आला होता. तिला घर मिळालं असतं, मुलाला बाप. तो शब्द तोंडाशी असताना तिनं जे सांगितलं त्यात तिचं नुकसानच होतं. त्या दुपारनंतर तिनं आपल्याला कधी खोटं सांगितलं का, म्हणून तो आठवू लागला. एखादं तरी सापडावं म्हणून त्यानं मागचे सगळे महिने उलगडून पाहिले. सापडलं नाही. त्याची स्वतःची मात्र सापडत गेली. प्रभाकर बदली झाली म्हणून लवकर गेला, हे त्यानं वडिलांना सांगितलं होतं. माझी तब्येत बरी नाही म्हणून मी मुलाला घेत नाही, हेही.

गळ्याशी खाजत होतं. त्यानं कॉलरमध्ये बोट घातलं. मऊ, बारीक केस होते, घामानं चिकटलेले. तो ते काढत राहिला आणि ते संपेनात. शेजारच्या बाकावरचा एक शेतकरी म्हणाला, “जावळ काढलं काय पोराचं?” “हो,” मोरेश्वर म्हणाला. आणि पुढं काहीच विचारलं गेलं नाही याचं त्याला नवल वाटलं. नागपूरची गाडी आली, थांबली, गेली. तो उठून मोटारस्टँडकडे निघाला.

उन्हं कलली होती तेव्हा तो जामसावळीला पोचला. गर्दी पांगली होती. सुनंदा देवळाच्या ओट्याला टेकून बसली होती, मूल तिच्या मांडीवर संत्र्याची फोड चोखत होतं. तिचे डोळे सुजलेले होते. तो समोर उभा राहिला तेव्हा ती म्हणाली, “जेवले का?” त्यानं मानेनंच नाही म्हटलं. तिनं फडकं सोडलं, भाकरी आणि ठेचा काढून त्याच्यापुढं ठेवला. तिनंही खाल्लं नव्हतं. दोघं जेवले.

“मी येणार नाई असं वाटलं तुले?”

“वाटलं,” ती म्हणाली. “शेवटची मोटार पायणार होती. मंग घरीच गेली असती. अलका वाट पायते.”

तो हात धुऊन आला. “मी पुन्हा विचारीन,” तो म्हणाला. “आज बोलतो तसा शांतपणानं नाई विचारणार. रागात विचारीन. म्हातारपणी बी विचारीन कदाचित.”

“विचारा.”

“तेव्हा हेच सांगजो. मले बरं वाटावं म्हणून दुसरं काही सांगू नको.”

“हेच सांगीन.” तिनं फडकं झटकून घडी घातली. मग पहिल्यांदाच तिचा आवाज कापला. “माहं बी एक आहे. मले विचारा, कवाबी विचारा. याले नका विचारू. तो मोठा होईन, तुमच्यापुढं उभा राहीन. डोयांनं बी नका विचारू.”

ते फाट्यापर्यंत चालत गेले. मोटार आली ती माणसांनी गच्च भरलेली होती, बाजारची गाठोडी दारापर्यंत रचलेली. सुनंदाला हातात मूल घेऊन चढता येईना, तेव्हा मोरेश्वरनं हात पुढं केले. ती वर चढली, एका बाईनं सरकून तिला टेकायला जागा दिली, आणि तिनं मूल घ्यायला हात पसरले. तो दांडीला धरून उभा होता, मूल त्याच्या खांद्यावर. त्यानं ते दिलं नाही. मोटार सुरू झाली आणि तो वाकून तिला काहीतरी म्हणाला. इंजिनाच्या घरघरीत तिला ऐकू गेलं नाही. “काय?” तिनं विचारलं. आजूबाजूची माणसं पाहू लागली. त्यानं घसा साफ केला आणि सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं, पुन्हा म्हटलं, “नाई विचारणार म्हटलं. त्याले नाई विचारणार.”